मागून लागलेलं इंजिन

सावकाश बसा. पाठ ताठच हवी असं नाही, भिंतीला टेकलात तरी चालेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. आणि आता मनाने इगतपुरीला चला.

श्रावण चालू आहे. धुकं इतकं उतरलंय की फलाटाचं दुसरं टोक दिसत नाही. गरम वड्यांचा वास मात्र धुक्यातूनही बरोबर वाट काढतो. घाटाच्या बाजूने एक गाडी वर येते आहे. ती दिसायच्या आधी ऐकू येते. कसाऱ्यापासून इथवरचा चढ सदतीसास एक, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. 1865 पासून गाड्या हा थळ घाट चढतायत. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला बँकर लावतात. बँकर म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं. त्यांच्याकडे आपण शेवटी येऊ. सध्या नुसता आवाज ऐका. लांबचा. जवळचा. मग थांबलेला.

श्वास येतोय, जातोय. त्याला काही करायला सांगू नका.

*

आता एक रात्र आठवा. चारचौघांत बसून किंवा हजारोंच्या गर्दीत उभं राहून गाणं ऐकलंत, अशी कुठलीही. सवाई गंधर्व महोत्सवातली असेल, गावच्या जत्रेतल्या तमाशाची असेल. ती सापडली की जवळ ठेवा, अजून उघडू नका. तोवर मी माझी सांगतो.

15 डिसेंबर 2019, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. यूटू हा आयर्लंडचा बँड पहिल्यांदाच भारतात वाजवणार होता, आणि त्यांच्या ‘द जोशुआ ट्री’ दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम होता. आमची पहिली भेट, त्यांचा निरोप. 1976 मध्ये डब्लिनच्या एका शाळेत लॅरी मलन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराने फलकावर चिठ्ठी लावली की बँड काढायचाय, सोबती हवेत. तिथून हे सगळं सुरू झालं. बोनो, दि एज, अॅडम क्लेटन आणि लॅरी. चार दशकं उलटली तरी माणसं तीच. 1987 सालच्या ‘द जोशुआ ट्री’ची अकराही गाणी ते त्या रात्री ओळीने वाजवणार होते.

परतीला जीपमध्ये आम्ही पाच जण. इगतपुरी येईपर्यंत कोणाचा डोळा लागला नाही. घसा बसलेला, तरी प्रत्येकाला आपलाच क्षण आधी सांगायचा होता.

एक म्हणाला, लॅरी. सुरुवातीला तो एकटाच चालत पुढच्या छोट्या मंचावर आला, ड्रमवर बसला आणि वाजवायला लागला. बाकीचे मागून एकेक करून आले. चिठ्ठी लावणारा पोरगा अजूनही आधी येऊन सोबत्यांची वाट बघतोय, असं त्याला वाटलं.

दुसरी म्हणाली, ए. आर. रहमान मंचावर आला तेव्हा. परक्याच्या घरी जेवायला बसावं आणि पानात आपल्या आईच्या हातची चटणी निघावी, तसं झालं म्हणे.

तिसऱ्याचं बोलणं आम्ही धड ऐकलंच नाही. त्याच्याकडे परत येतो.

माझा क्षण लाल रंगाचा. सुमारे दोनशे फूट रुंद पडदा एकाएकी लाल झाला आणि त्याच्यापुढे चार काळ्या आकृत्या उभ्या राहिल्या. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ सुरू होत होतं. हे गाणं घाईने येत नाही. आधी कीबोर्डचे सूर लांबून, उजाडावं तसे पसरत येतात. मग एजची गिटार. अल्बमवर बोनोचा आवाज यायला पावणेदोन मिनिटं लागतात. तोवर हजारो माणसं आपल्याला शब्द न् शब्द पाठ असलेल्या गाण्याची वाट बघत उभी.

इथे थोडं थांबा. स्वतःची रात्र आता उघडा. सगळी नको, एकच क्षण घ्या. उजेड कसा होता? डाव्या हाताला कोण होतं? पायाखाली काय होतं, गवत की सतरंजी की माती? क्षण मोठा करायला जाऊ नका. आहे तेवढाच बघा.

*

एजच्या गिटारची गंमत सांगतो. तो सूर मोजकेच वाजवतो. सूर एका यंत्रात शिरतो आणि किंचित उशिराने, जरा हलका होऊन परत येतो. तो येईपर्यंत एजने पुढचा सूर वाजवलेला असतो. वाजवलेला आणि परतलेला असे दोन्ही एकमेकांत गुंफतात आणि दोन हात चार झाल्यासारखे वाटतात.

आठवणीचंही असंच असेल असं मला वाटायचं. पण फरक आहे. यंत्रातला सूर दर फेरीला थोडा विरतो. आपली आठवण दर वेळी सांगताना थोडी फुगते. पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हा फक्त पडदा लाल होता. वर्षभराने आकाशही लाल झालं. पुढे मी मंचापासून वीस फुटांवर उभा असल्याचंही लोकांना सांगायला लागलो. होतो पार मागे. बोनो मला आगपेटीच्या काडीएवढा दिसत होता.

तुमच्या क्षणाकडे परत बघा. त्यातलं काय मागाहून आलंय? त्याला हाकलू नका, रागावू नका. फक्त ओळखा, हे तेव्हाचं आणि हे नंतरचं.

श्वास येतोय. जातोय.

*

काही वर्षांनी मी धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला बसलो. इगतपुरीच्या माणसाला तो सोनेरी पॅगोडा रोज दिसतो, म्हणून आत जायचं राहून जातं. सत्यनारायण गोयंका यांची शिबिरं तिथे 1976 पासून चालू आहेत. डब्लिनच्या फलकावर चिठ्ठी लागली तेच वर्ष. एकीकडे आवाज सुरू झाला, दुसरीकडे मौन.

आत जाताना फोन जमा करायचा. वाचन नाही, लेखन नाही, गाणं तर नाहीच. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस एकच काम: नाकाशी आणि वरच्या ओठावर येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या डोक्यात ती गिटार सुरू झाली. मी श्वासाकडे जाई, ती मागोमाग येई. थांबवायला गेलो तर मोठी झाली. तिसऱ्या दिवशी नाद सोडला, वाजू दिली. मग ऐकता ऐकता लक्षात आलं की तेवढेच चार-सहा सूर घोळतायत आणि त्या लाल पडद्याभोवती बाकी काहीच नाही. शेजारी कोण होतं, ते काय करत होते, काही नाही. त्या क्षणी मी फोन वर धरून चित्रफीत काढत होतो. त्या फितीत आवाज फाटलाय आणि कोणाचा तरी कोपर दिसतो. माझा लाडका क्षण मी हातभर लांबून पाहिला होता.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं. नऊ दिवस खाली मान घालून चाललेली माणसं झाडाखाली उभी राहून एकदम बोलायला लागतात. तो कलकलाट ज्याने ऐकलाय त्यालाच माहीत. प्रत्येकाला आपलंच सांगायचं असतं. मी एकाला विचारलं, तुमच्या डोक्यात काय वाजत होतं? म्हणाला, साबणाच्या जाहिरातीचं गाणं, सलग सहा दिवस. आम्ही पोट धरून हसलो. मग त्याने विचारलं, तुमच्या? मी तोंड उघडलं, आणि अचानक ती जीप आठवली. जीपमधला तिसरा आठवला.

त्या रात्री तो म्हणाला होता, “अरे, तीन तास खांद्याला खांदा लावून उभे होतो, नाचलो, एकमेकांच्या बाटलीतलं पाणी प्यालो. मला कोणी आडनाव नाही विचारलं.”

बोनोने ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’बद्दल सांगितलंय की बेलफास्टमध्ये माणूस कुठल्या रस्त्यावर राहतो यावरून त्याचा धर्म कळतो आणि कमाईही. रस्त्यांना नावंच नसतील अशी जागा त्या गाण्याला हवी आहे. आपल्याकडे रस्त्यापर्यंतही जावं लागत नाही, आडनाव पुरतं. माझा मित्र त्या संध्याकाळी गाण्यातल्या जागेवर खरोखर जाऊन आला होता. आणि जीपमध्ये मी त्याला म्हणालो होतो, “हो रे, पण तो लाल पडदा बघितलास का?”

*

तुमचा क्षण हातात आहे ना? आता तो खाली ठेवा. हरवत नाही.

त्याच रात्री तुमच्याबरोबर असलेल्या एका माणसाला आठवा. त्याने आपला क्षण सांगितला होता का? नक्की काय म्हणाला होता? शब्द आठवत नसतील तर चेहरा आठवा. तो सांगत असताना तुम्ही ऐकत होता, की आपली पाळी कधी येते ते बघत होता?

त्याचं उत्तर मला नको. ते आतच राहू द्या.

आवडता क्षण सांगणारा माणूस बँडबद्दल फार थोडं सांगतो. त्याचं लक्ष कुठे होतं आणि त्याला काय हवं होतं, ते सांगतो. पुष्कळदा ते त्याला स्वतःलाही सांगता सांगताच कळतं. तो चढ असतो. एकट्याने झेपत नाही.

आता फलाटावर परत या. गाडी उभी आहे. शेपटीची बँकर इंजिनं सोडतायत. पुढच्या डब्यातल्या कोणालाही ती दिसली नाहीत, घाटभर कोणी मागून ढकलतंय याची जाणीवही नसेल. ती गाडीच्या पुढे धावत नाहीत, शिट्टी मारून रस्ता मागत नाहीत. चढ संपेपर्यंत टेकून राहतात, एवढंच.

डोळे सावकाश उघडा. उठायची घाई नाही. आज किंवा उद्या त्या माणसाला फोन करा आणि विचारा, त्या रात्रीचं तू काय सांगत होतास?

मी केला होता. मित्र आधी हसला. मग सांगायला लागला, पाऊण तास सांगत होता. लाल पडद्याचा विषय मी काढला नाही.