कारणाचा रकाना

नववीत जाणे ही आपल्याकडे प्रामुख्याने अभ्यासाच्या भाषेत बोलली जाणारी घटना आहे. दहावी एका वर्षावर येऊन ठेपलेली असते, विषय अवघड होतात, शिकवण्या वाढतात आणि घरातले बोलणे गुणांभोवती फिरू लागते. याच वयात आणखी एक संक्रमण घडत असते. त्याची वाच्यता मात्र फारशी होत नाही. तोवर मुलाच्या देहाची चिंता इतरांनी वाहिलेली असते. काय खावे, केव्हा निजावे, डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे आईवडील ठरवत आलेले असतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी हा कारभार हळूहळू मुलाच्या स्वतःच्या हाती जाऊ लागतो, आणि तोही अशा वेळी, जेव्हा ते शरीर त्याला दर महिन्याला थोडे अनोळखी वाटत असते. म्हणून या टप्प्यावर शाळेने आरोग्य हा विषय गांभीर्याने शिकवावा, हे मला सर्वथा योग्य वाटते.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. नोकरीमुळे चेन्नईच्या दक्षिणेला पेरुंगुडीत स्थिरावलो. माझी मुलगी येथेच वाढली. ती नववीत गेली तेव्हा शाळेने पहिल्याच महिन्यात सर्वांना एक नोंदवही ठेवायला सांगितले. झोप, न्याहारी, जेवण, पाणी, खेळ आणि स्क्रीनसमोरचा वेळ असे तिचे रकाने होते. रोज रात्री मुलांनी ते प्रामाणिकपणे भरायचे आणि आठवड्याच्या अखेरीस स्वतःच आपल्या दिनक्रमाची तपासणी करायची.

या उपक्रमाबरोबर वर्गात जे शिकवले गेले, तेही मोलाचे होते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मुलांनी समजून घेतली. किशोरवयात आठ ते दहा तासांची झोप लागते, हे त्यांना कळले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये शाळांतून लावायला सांगितलेल्या साखर-फलकामुळे, शीतपेयाच्या एका बाटलीत किती चमचे साखर असते हे त्यांनी मोजून पाहिले. या शिक्षणाची निकड चेन्नईत विशेष जाणवते. याच शहरातील मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या नेतृत्वाखाली झालेल्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे अनुमान मांडले. या व्याधीची पूर्वपीठिका पुष्कळदा किशोरवयातील सवयींतच तयार होते. तेव्हा चौदाव्या वर्षी मिळालेले हे ज्ञान अकाली म्हणता येणार नाही.

पहिल्या आठवड्याची नोंदवही मुलीने माझ्यापुढे ठेवली. रकाने भरलेले होते आणि त्यांतून निघणारा निष्कर्ष उघड होता: झोप कमी, खेळ जवळजवळ शून्य. शिकवल्याप्रमाणे तिने खाली संकल्पही लिहिला होता, की पुढील आठवड्यात लवकर निजेन आणि रोज खेळेन. दुसऱ्या आठवड्यातही आकडे तेच राहिले. तिसऱ्या आठवड्यात तिने कोणालाही न विचारता पट्टीने एक नवी उभी रेघ मारली आणि माथ्यावर लिहिले: 'कारण'.

त्या पानावरच्या नोंदी मला पाठ झाल्या आहेत. 'सोमवार. झोप: सहा तास. कारण: बाबांची मीटिंग संपल्यावर जेवण, मग गृहपाठ.' 'मंगळवार. खेळ: नाही. कारण: क्लासहून येईपर्यंत अंधार.' 'बुधवार. खेळ: नाही. कारण: कचऱ्याचा वास, खिडक्या बंद.' 'गुरुवार. झोप: साडेपाच तास. कारण: मी. फोन.'

चार ओळींच्या या नोंदींनी मला आरोग्यशिक्षणाविषयी पुन्हा विचार करायला लावला. शाळेच्या रकान्यांत ती काय करते एवढेच मावत होते; तिच्या वाट्याला काय येते, त्याला जागा नव्हती. माणसाच्या देहाचा इतिहास या दोहोंनी मिळून घडतो. त्यातली एकच बाजू शिकवली, तर मुलाच्या मनात आरोग्याचे ज्ञान रुजण्याऐवजी अपराधभाव रुजण्याचा संभव असतो. जे आपल्या हाती नाही त्याचा दोष ते स्वतःकडे घेते, किंवा संकल्प वारंवार मोडल्यामुळे संकल्प या गोष्टीवरचाच त्याचा विश्वास उडतो.

सोमवारची नोंद पाहा. पेरुंगुडी ज्या जुन्या महाबलिपुरम मार्गावर आहे, त्याच्या दुतर्फा संगणक-सेवा देणाऱ्या कंपन्यांची कार्यालये आहेत. त्यांतील पुष्कळांचे ग्राहक अमेरिकेत असतात. तिथला दिवस उजाडतो तेव्हा आमची संध्याकाळ सरत आलेली असते. त्यामुळे इथल्या असंख्य घरांत रात्रीचे जेवण दूरच्या एखाद्या शहराच्या घड्याळावर अवलंबून राहते. त्या जेवणाला मूल थांबते, जेवणानंतर त्याचा अभ्यास उरतो, आणि पहाटे शाळेची बस मात्र कोणासाठी थांबत नाही. दोन खंडांतील वेळेचे अंतर अखेरीस चौदा वर्षांच्या मुलीच्या झोपेतून वजा होते.

बुधवारची नोंदही एका घरापुरती नाही. पेरुंगुडीलगतचा पळ्ळिकरणै पाणथळ प्रदेश २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झाला. स्थलांतरित पक्ष्यांचे ते मोठे आश्रयस्थान आहे. त्याच पाणथळीचा मोठा भाग कित्येक दशके शहराच्या कचऱ्याने भरत आला आहे. २०२२ च्या एप्रिलअखेरीस या कचराभूमीला लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती आणि आसपासच्या वस्त्यांनी तो धूर श्वासाबरोबर घेतला. जुना कचरा उपसून, वेगळा करून जमीन मोकळी करण्याचे काम हाती घेतले गेले आहे. ते स्वागतार्ह आहे. तरीही वारा फिरला की वास घरांपर्यंत येतो आणि मुले घरात थांबतात. रोज ६० मिनिटे खेळावे हा उपदेश निर्दोष आहे. मात्र त्या उपदेशाला मैदान लागते, उजेड लागतो आणि छाती भरून घेता येईल अशी हवा लागते.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्कांची मुलगीही त्याच वर्षी नववीत गेली. ती महापालिकेच्या शाळेत शिकते. नोंदवहीविषयी ऐकून अक्का आपल्या लेकीचा दिनक्रम सांगू लागल्या आणि माझ्या मुलीने तो वेगळ्या पानावर उतरवून घेतला. झोप तिचीही अपुरी होती. कारण पहाटे पाण्याची लॉरी आली की घागरी भरायला उठावे लागे. दुपारचे जेवण मात्र तिचे रोज वेळेवर आणि गरम होते, सोबत उकडलेले अंडे, कारण ते शाळेत मिळे. माझ्या मुलीचा सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी गार झालेला असे आणि पुष्कळदा अर्धाच संपे. ती दोन पाने शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. दोघींची झोप परिस्थितीने हिरावली होती, आणि दोघींपैकी एकीचे दुपारचे अन्न समाजाने हेतुपूर्वक राखून ठेवले होते.

हे राखून ठेवणे आपोआप घडलेले नाही. १९२० मध्ये पी. त्यागराय चेट्टी मद्रास महापालिकेचे अध्यक्ष असताना थाउजंड लाइट्स भागातील एका शाळेत मुलांना अल्पोपाहार देण्यास आरंभ झाला. ती योजना पुढे खंडित झाली. १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराज यांनी शालेय भोजनाची योजना राज्यभर नेली. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिला पोषक आहार योजनेचे व्यापक रूप दिले. २०२२ पासून प्राथमिक वर्गांना सकाळची न्याहारीही मिळू लागली. उपाशी मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, हे या सर्वांना ठाऊक होते. त्यांनी मुलांना एकाग्रतेवर व्याख्यान दिले नाही. त्यांनी कारणाचा रकाना वाचला आणि त्याचे उत्तर ताटात वाढले.

यावर असे म्हटले जाईल, की कारणे शोधण्याची सवय लागली तर शिस्त सैल होते. प्रत्येक आळसाला परिस्थितीचे नाव मिळते. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर गुरुवारच्या नोंदीत आहे. 'कारण: मी. फोन.' कारण प्रामाणिकपणे शोधणारे मूल स्वतःचा वाटाही प्रामाणिकपणे लिहिते. बाकीच्या दिवसांचा भार आपला नाही हे कळल्यामुळेच गुरुवारचा भार तिने निमूटपणे उचलला, आणि रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवण्याचा नियम तिने स्वतः केला. जबाबदारीची सीमा स्पष्ट झाली, की सीमेच्या आतली जबाबदारी बळकट होते.

शिस्तीचे मोल मराठी माणसाला निराळे सांगायला नको. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर सूर्यनमस्काराचा पुरस्कार केला. आपण त्यांचे स्मरण व्यायामाचे कट्टर प्रचारक म्हणून करतो. त्यांच्या कार्याचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे: त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत नमस्कारांना स्थान दिले. मुलाने व्यायाम करावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्या राजाने मुलाच्या दिवसातला वेळही त्यासाठी मोकळा करून दिला. आपल्याकडेही केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये नववी ते बारावीसाठी आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा रोजचा तास अनिवार्य केला आहे. परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला उसना जातो आणि परत मिळत नाही, हे कोणत्याही पालकाला ठाऊक असते. त्या दिवशी मुलाला मिळणारा धडा पुस्तकातल्या आरोग्याच्या धड्याहून अधिक परिणामकारक असतो.

झोपेच्या बाबतीत तर विज्ञानानेच मुलांची बाजू घेतली आहे. वयात येताना शरीराचे अंतर्गत घड्याळ पुढे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. म्हणून किशोरवयीन मुलाला लवकर झोप न येणे हा केवळ हट्ट नसतो. या आधारावर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आत भरू नयेत अशी शिफारस केली, आणि कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून उच्च माध्यमिक शाळांसाठी तसा कायदा लागू झाला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत न भरवण्याचा आदेश काढला. लहान मुलांच्या झोपेचा विचार झाला, हे चांगलेच झाले. ज्या वयात निसर्गच झोप उशिरा आणतो, त्या वयाचा विचार अजून व्हायचा आहे.

आमच्या घरापुरते जे शक्य होते, ते आम्ही केले. रात्री आठ ते पावणेनऊ हा वेळ मी कार्यालयाच्या वेळापत्रकात बंद म्हणून नोंदवला आणि सहकाऱ्यांना त्याचे कारण सांगितले. मुलीचे जेवण आता त्या वेळात होते. आठवड्यातील दोन शिकवण्या शनिवारी नेल्या, म्हणजे तिला दोन संध्याकाळी उजेडात खेळायला मिळू लागले. कचऱ्याचा वास, पाण्याची लॉरी आणि शाळेची पहाटेची वेळ यांवर आमच्या एका घराकडे उपाय नाही. ती कामे रहिवासी संघांची, पालकसभांची, महापालिकेची आणि शासनाची आहेत, आणि ती मागत राहणे हे नागरिक म्हणून आमचे काम आहे. मुलीच्या व्यायामशिक्षकांनी तो जादा रकाना खोडला नाही. वर्गातील इतरांनाही तो काढायला सांगितला. त्या वर्गाची भरलेली पाने पुढच्या पालकसभेत मांडावीत अशी विनंती आम्ही काही पालकांनी केली आहे.

आरोग्य हे व्यक्तीचे कर्तव्य आहे, असे आपण मुलांना सांगतो. ते खरे आहे आणि सांगत राहिले पाहिजे. परंतु कर्तव्य पार पाडण्याजोगी परिस्थिती निर्माण करणे हे ज्यांच्या हाती सत्ता, पैसा आणि वेळ आहे त्यांचे कर्तव्य असते, आणि ते कालक्रमाने आधी येते. चौदा वर्षांच्या मुलाकडे यांपैकी काहीही नसते. त्याच्या दिवसाचे बहुतेक तास मोठ्यांनी आखलेले असतात. त्याच्या शहराची हवा आणि पाणी मोठ्यांच्या निर्णयांनी घडलेले असते. म्हणून नववीच्या वर्गात आरोग्याची नोंदवही दिली जाते, तेव्हा तिच्या डाव्या पानावर मुलांनी लिहावे आणि उजवे पान पालकांनी, शिक्षकांनी व नगरातील कारभाऱ्यांनी भरावे, असे मला वाटते. मुलाने किती तास झोप घेतली, हे डावीकडे असेल; आपण त्याच्यासाठी किती तास मोकळे ठेवले, याचे उत्तर उजवीकडे आपल्याला द्यावे लागेल.