तोळा कुणाचा?



घर आवरताना आजोबांची वही सापडली. लाल कापडी बांधणीची, पानं पिवळी पडलेली. त्यात १९५४ सालची एक नोंद आहे: 'धाकटीच्या पाटल्या घेतल्या, तोळे ४, दुकानासाठी.' धाकटी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको, आमची धाकटी आजी. पुढे १९७२ ची नोंद: 'धाकटीच्या पाटल्या परत, तोळे ४.' सोबत सराफ्यातल्या दुकानाची पावती टाचलेली. पावतीवर वजन ४० ग्रॅम.

आमच्या मुलाला यात काहीच खटकलं नाही. त्याच्या लेखी तोळा म्हणजे दहा ग्रॅम. आम्हाला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

धाकट्या मंडळींसाठी सांगतो. जुना हिशेब असा: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. आपल्या इंदूरच्या सराफ्यात गुंजेला रत्ती म्हणत. गुंज म्हणजे वेलीची लाल बी, डोक्यावर काळा ठिपका. एकदा हातात घेऊन पाहावी (तोंडात मात्र घालू नये, विषारी असते). स्मृतिग्रंथ तर गुंजेच्याही खाली उतरतात. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणारा धुळीचा कण, तिथून ते मोजायला सुरुवात करतात! १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे आजचे ११.६६ ग्रॅम. चांदीचा कलदार रुपयाही तेवढ्याच वजनाचा, म्हणून घरोघरी पारड्यात रुपया टाकून तोळा मोजत. १९५६ च्या कायद्यानंतर किलो-ग्रॅम आले आणि सराफ्यात हळूहळू दहा ग्रॅमलाच तोळा म्हणायची रीत पडली. नाव राहिलं, आतल्या जवळजवळ चौदा गुंजा गेल्या.

धाकट्या आजीने दिलं ४६.६६ ग्रॅम, तिला मिळालं ४०. साडेसहा ग्रॅमच्या वर सोनं कमी. आजोबांनी शब्द पाळला की नाही?

मुलगा म्हणाला, "सगळा बाजारच दहाला तोळा म्हणत होता, त्यात आजोबांचा काय दोष?" म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. बोली तोळ्याची होती, तोळेच परत केले. बाजाराने शब्दाचा अर्थ बदलला तर एकट्या माणसाने जुना अर्थ धरून बसायचं का? आम्हीही तेवढ्यावर वही मिटली असती. पण चार पानं पुढे त्याच वर्षाची आणखी एक नोंद आहे. शेजाऱ्यांना पूर्वी दिलेलं दोन तोळे सोनं परत आलं, त्यापुढे आजोबांच्याच अक्षरात: 'जुना तोळा धरून, ग्रॅम २३.३३ मिळाले.'

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य मापायच्या द्रोणाचे चार प्रकार सांगितले आहेत. राजाकडे जमा होताना द्रोण २०० पळांचा, व्यापारात १८७॥ पळांचा, राजाने देताना १७५ चा आणि अंतःपुरासाठी १६२॥ चा. घेताना मोठं माप, देताना लहान. पण राजाने ते लिहून तरी ठेवलं होतं, ज्याला द्यायचं त्याला आधीच माहीत! आपण घरात हेच करतो आणि बोलत नाही. आपल्याला पोचायला उशीर झाला तर रस्त्यात गर्दी होती, जाऊबाईंना झाला तर त्यांना किंमतच नाही. उत्सवात आम्ही चार पानं वाढली ती सेवा जुन्या तोळ्याने मोजतो, दुसऱ्याने रात्री दोनपर्यंत भांडी घासली ती नव्या तोळ्याने. गुंजासुद्धा सगळ्या सारख्या वजनाच्या नसतात, सोनार निवडून घेत. थोडा फरक राहतच असेल. पण देताना ज्या गुंजा पारड्यात होत्या त्याच घेताना असल्या, तर कुणाचं काही बुडत नाही.

आजोबा लबाड होते असं म्हणवत नाही. आम्ही त्यांच्या मांडीवर वाढलो. भावाच्या घरी द्यायचं ते 'आपलंच' वाटलं असेल, शेजाऱ्याकडचं 'येणं' वाटलं असेल. पण धाकट्या आजीने कधी वजन केलं असेल का? केलं असेल आणि गप्प राहिली असेल, या विचाराने जास्त त्रास होतो. मोठ्या दिरांना विचारायची त्या काळी सोय नव्हती.

हा प्रश्न गुरुमाउलींपुढे न्यावा असं घरात एकजण म्हणाला. आम्ही नको म्हटलं. सहा-सात ग्रॅमचा हिशेब आपल्याला येत नसेल तर एवढी वर्षं पायाशी बसून काय केलं?

गेल्या गुरुवारी ६.६६० ग्रॅम सोनं घेतलं आणि काकूंकडे गेलो. काकू म्हणजे धाकट्या आजीच्या सूनबाई, आता ऐंशीच्या पुढे. वही दाखवली, पावती दाखवली, पुडी पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नोंदी सावकाश वाचल्या. मग म्हणाल्या, "आमचे मामंजी चार महिने दवाखान्यात होते, तेव्हा दोन्ही वेळचा डबा तुमच्या घरून यायचा. औषधाचे पैसेही तुझ्या आजोबांनीच भरले. ते कुठल्या तोळ्याने मोजू, सांग."

आम्हाला उत्तर सुचलं नाही. वहीत डब्याची नोंद नाही, आम्ही घरी येऊन पुन्हा पाहिली.

पुडी त्यांनी ठेवून घेतली. "देवापाशी ठेवते," म्हणाल्या, "पण माझी म्हणून नाही."