फ्यूज तुझा आळस पाहत नाही

उभा राह्य पोट्ट्या, अन् ही वायर हातात घे. हा जोड कोणी मारला? साल दातांनी सोलली, दोन टोकांना पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली, झालं काम? वर तोंड करून सांगतोस, "सर, फ्यूज आहे ना!"

बाळापुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. गिऱ्हाइकाला गाडीच्या सीटखाली पंखा हवा, थंडीसाठी हीटरही हवा, बसवून दे. पण त्याच उन्हात टेपचा डिंक पातळ होऊन ती सुटते, एवढंही कळू नये?

फळ्यावर ये. हीटर 60 वॅटचा, बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे प्रवाह 5 अँपिअर. तुझ्या पिळात अर्धा ओहम रोध आला की प्रवाह उतरतो जवळपास 4 वर. 4 चा वर्ग 16, त्याचे अर्धे 8. आठ वॅट उष्णता, हरभऱ्याएवढ्या जोडात! आपली लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. आणि तुझा जोड आहे फोम आणि गालिच्याच्या मध्ये. प्रवाह वाढण्याऐवजी घटला, मग 10 अँपिअरचा फ्यूज उडेल कशाला? तो शॉर्टसर्किट पाहतो, तुझा आळस पाहत नाही.

याहून मोठा गुन्हा पुढेच आहे. सीटखाली पिवळा कपलर दिसला आणि तू त्यातून करंट घ्यायला निघालास? पिवळा म्हणजे एअरबॅगचा! तिथं टेस्ट लॅम्प टेकवलास तर एअरबॅग अंगावर फुटू शकते. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, मॅन्युअलमध्ये दिली असतील तेवढी मिनिटं थांबायचं, मगच सीटला हात लावायचा. मॅन्युअल काय रद्दीत घालायला दिलं होतं?

आणि सीट सरकते हे विसरलास? वायर रुळाला घासते आहे. सीट पूर्ण मागे-पुढे करून एकदा पाहायला काय झालं होतं? बाळापूर-अकोला रोजचं जाणं-येणं आहे त्या माणसाचं, गाडीत लेकरं असतात.

आत्ता फोन लाव, गाडी परत बोलाव. नवे टर्मिनल, क्रिंपिंग प्लायर, लॉकचा कपलर घे. प्रत्येक वायर ओढून बघ. हीटर चालू ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना मल्टीमीटर लाव. 0.1 व्होल्टच्या वर दिसलं तर जोड कापून पुन्हा मार. आकडा वहीत लिही आणि मगच माझ्याकडे सही मागायला ये.