मालकाचा धर्म आणि गुलामाचा ईश्वर

ज्या धर्माच्या आधारे माणसाला गुलाम केले गेले, तोच धर्म त्या गुलामाने आपला मानावा काय, हा प्रश्न आफ्रिकन-अमेरिकन विचारपरंपरेच्या मुळाशी आहे. स्वतः गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या परिशिष्टात ख्रिस्ताचा धर्म आणि गुलामांच्या मालकांचा धर्म यांत भेद केला होता. परंतु त्या भेदाला तात्त्विक बैठक देण्याचे काम हॉवर्ड थर्मन (१८९९–१९८१) या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाने केले.

थर्मन १९३५ साली कृष्णवर्णीयांच्या एका शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर निघाले होते. कोलंबोत एका वकिलाने त्यांना विचारले, की ज्यांनी तुमच्या पूर्वजांना विकत घेतले आणि ज्यांची चर्चे अजूनही वर्णभेद पाळतात, त्यांचा धर्म घेऊन तुम्ही येथे कसे येता. या प्रश्नाला थर्मन यांनी सविस्तर उत्तर दिले ते १९४९ च्या ‘जीझस अँड द डिसइन्हेरिटेड’ या ग्रंथात. येशू हा रोमन सत्तेखाली दडपलेल्या ज्यू समाजातला, गरीब आणि नागरिकत्वाचे कोणतेही संरक्षण नसलेला माणूस होता, म्हणून त्याची शिकवण ही मुळात ‘वंचितांची’, म्हणजे ज्यांची पाठ भिंतीला टेकली आहे अशांची, शिकवण आहे. याउलट संत पौल रोमन नागरिक असल्यामुळे त्याच्या पत्रांतील समाजदृष्टी वेगळी घडली, असे ते मांडतात.

या मांडणीमागे थर्मन यांची आजी उभी आहे, आणि या संपूर्ण विचारातील सर्वांत धाडसी पाऊल तिचेच म्हटले पाहिजे. गुलामगिरीत जन्मलेली, लिहितावाचता न येणारी ही स्त्री नातवाकडून बायबल वाचून घेत असे, मात्र प्रेमाविषयीचा एक प्रसिद्ध अध्याय वगळता पौलाची पत्रे वाचू देत नसे. कारण मालकाचा धर्मोपदेशक गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी हेच त्या पत्रांतून सांगत आला होता. भारतीय दर्शनांच्या परिभाषेत, ग्रंथवचनालाच ज्ञानाचे साधन मानणारे शब्दप्रमाण तिने पीडिताच्या अनुभवापुढे गौण ठरवले. त्याच आजीने एका गुलाम प्रवचनकाराची आठवण सांगितली होती. तुम्ही गुलाम नसून ईश्वराची लेकरे आहात, असे तो आपल्या श्रोत्यांना सांगे. थर्मन यांच्या मते या एका जाणिवेने भय ओसरते, आणि भय, फसवणूक व द्वेष या तिन्हींतून सुटल्याखेरीज वंचिताला आत्मप्रतिष्ठा लाभत नाही.

तरीही एक अडचण उरते, आणि ती टाळता येण्याजोगी नाही. ग्रंथातील कोणता भाग ठेवायचा हे जर अनुभवच ठरवणार असेल, तर ग्रंथ पवित्र मानण्याचे कारण काय? थर्मन दौऱ्यावर होते त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये शास्त्रांचे पावित्र्य नष्ट झाल्याशिवाय जात जाणार नाही, असे प्रतिपादन केले. थर्मन यांना आपल्या परंपरेच्या केंद्रस्थानीच दडपलेल्यांपैकी एक माणूस सापडला होता, म्हणून वगळणे त्यांना पुरेसे वाटले. आंबेडकरांच्या दृष्टीने मात्र अस्पृश्यता हा शास्त्रांच्या कडेला चिकटलेला दोष नव्हता, तर शास्त्रांच्या अधिकारावरच ती उभी होती, आणि म्हणूनच १९५६ मध्ये नागपुरात त्यांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला, जेथे वचन ईश्वराचे आहे म्हणून मान्य करण्याची अटच नव्हती.