हातातले निशाण



प्रभूच्या दिवशी खेळावे का, हा प्रश्न ख्रिस्ती समाजात फार काळ गाजला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने रविवारच्या सामन्यांना मान्यता दिली ती १९६० साली. आज तिथे हौशी खेळाडूंच्या रविवार लीग ठिकठिकाणी चालतात. लंडनच्या हॅकनी मार्शेसवर तर शेजारीशेजारी अनेक सामने रंगतात.

अशा सामन्यांना बहुधा एकच पंच असतो. रेषेवर निशाण घेऊन उभा राहतो तो संघाचाच राखीव गडी. समजा, चेंडू रेषेबाहेर गेला, आपल्या मित्राने तो आत ओढला आणि त्यातून गोल झाला. पंच दूर होता. पाहिले ते फक्त आपण. निशाण वर करावे का?

'समोरचे तरी कुठे प्रामाणिक आहेत?' असे आपण म्हणतो. माणूस केवळ भीतीपोटी न्यायाने वागतो का, असा प्रश्न प्लेटोच्या ग्रंथात येतो. तिथल्या मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राजाचा खून करून राज्य बळकावतो. आपली अंगठी लहान असते, एवढेच.

निशाण वर केले तर सामना जाईल, मित्र आठवडाभर बोलणार नाहीत. ही किंमत खरी आहे. पण मैत्री राखायला खोटे लागत असेल, तर आपण नेमके काय राखतो?

मिस्सा संपल्यावर आपण मैदानात, बाजारात, ग्रामसभेत जातो. तिथेही निशाण आपल्याच हाती असते. ते वर करण्याचे बळ प्रभू आपणांस देवो.