मतदानाबाहेरची माणसे

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, १९६८ मध्येच, शिकागोतल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. त्या रस्त्यावर ऑलिव्हेट बाप्टिस्ट चर्च होते. तिथले पाळक जोसेफ जॅक्सन यांनी चर्चचा अधिकृत पत्ताच बदलून घेतला. किंग यांचे नाव पत्त्यात येऊ नये म्हणून एकतिसाव्या रस्त्याकडचे दार मुख्य ठरले. जॅक्सन स्वतः कृष्णवर्णीय होते आणि कृष्णवर्णीय बाप्टिस्टांच्या सर्वांत मोठ्या संघाचे, नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शनचे, १९५३ पासून अध्यक्ष होते. किंगही बाप्टिस्ट पाळक, तेही पाळकाच्या घरात जन्मलेले. दोघांचे पवित्र शास्त्र एक, बाप्तिस्म्याची रीत एक, वर्णभेद अन्याय्य आहे हे मतही एक. तरीही कायदा मोडून सत्याग्रह करावा की न्यायालय आणि आर्थिक उन्नती यांच्या वाटेने जावे, यावर त्यांचे कधीच जुळले नाही.

या वादाची किंमत मोठी होती. १९६१ मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून व्यासपीठावर झटापट झाली. त्यात एक पाळक खाली पडले आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. जॅक्सन यांनी किंग यांना संघातल्या पदावरून दूर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिनसिनाटीच्या झायन बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रोग्रेसिव्ह नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा वेगळा संघ स्थापन झाला. नागरी हक्कांच्या लढ्यात किंग यांना पाठबळ देणारे पाळक त्यात एकत्र आले.

एकाच श्रद्धेची माणसे इतकी का भांडतात, हा प्रश्न बाप्टिस्टांना चारशे वर्षे विचारला जात आहे. उत्तर त्यांच्या रचनेत आहे. बाप्टिस्टांना पोप नाही आणि त्यांच्या मंडळ्यांवर हुकूम चालवणारा बिशपही नाही. प्रत्येक मंडळी स्वायत्त. पाळक तीच निवडते आणि तीच काढते. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नाही. ज्याने समजून उमजून विश्वास ठेवला, त्यानेच पाण्यात उतरावे. श्रद्धा ज्याची त्याने ठरवायची, हे एकदा मानले की मतभेदांना आवर घालणारी वरची सत्ता उरत नाही.

पहिली फूट तर पहिल्याच मंडळीत पडली. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या जॉन स्मिथ यांनी १६०९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये आधी स्वतःला आणि मग थॉमस हेल्विस यांच्यासह सोबत्यांना बाप्तिस्मा दिला. थोड्याच काळात स्मिथ यांना शंका आली की स्वतःच स्वतःला दिलेला बाप्तिस्मा खरा कसा मानायचा? ते मेनोनाइट पंथाकडे वळले. हेल्विस यांना ते पटले नाही. मोजक्या लोकांना घेऊन ते १६१२ च्या सुमारास लंडनला परतले आणि त्यांनी एक पुस्तक लिहिले. राजा प्रजेच्या आत्म्याचा धनी नाही, आणि ज्यू, मुसलमान किंवा पाखंडी ठरलेला माणूस यांनाही श्रद्धेपायी शिक्षा करण्याचा अधिकार सरकारला नाही, हे त्यांनी पहिल्या जेम्स राजाला उद्देशून मांडले. हेल्विस यांचा अंत न्यूगेटच्या तुरुंगात झाला. त्या काळी आपल्या विरोधकांच्याही विवेकाची बाजू घेणारी ही भूमिका विलक्षण होती, आणि बाप्टिस्टांची जगाला सर्वांत मोठी देणगी हीच आहे.

तत्त्वांवरचे वादही तितकेच जिवंत होते. ख्रिस्त सर्वांसाठी मेला की फक्त देवाने निवडलेल्यांसाठी, यावरून सतराव्या शतकातच जनरल आणि पर्टिक्युलर असे दोन गट पडले. देवाने निवड आधीच केली असेल तर परदेशी जाऊन सुवार्ता सांगायची कशाला, असे म्हणणारेही दुसऱ्या गटात होते. त्याच गटातल्या विल्यम कॅरी यांनी त्याविरुद्ध १७९२ मध्ये पुस्तिका लिहिली, मिशनरी सोसायटी उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी कॅरी बंगालात आले. मराठीचा त्यांनी पुढे अभ्यास केला. १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी लिपीत छापलेला कोश हे त्यांचेच. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने सिद्ध झालेले हे काम म्हणजे एका धर्मशास्त्रीय वादाचे मराठीला मिळालेले फळ म्हणता येईल. पण कॅरी यांचे केंद्र असलेल्या बंगालमधल्या श्रीरामपूरलाही शांतता नव्हती. तिथली मालमत्ता आणि कारभार कोणाच्या हाती, या वादातून १८२७ मध्ये कॅरी आणि त्यांचे सहकारी लंडनच्या त्याच सोसायटीपासून वेगळे झाले.

चार्ल्स स्पर्जन यांचे प्रकरण अधिक हळवे आहे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलमध्ये त्यांना ऐकायला हजारो लोक येत. गुलामगिरीचा त्यांनी उघड धिक्कार केला, तेव्हा १८६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत त्यांची प्रवचने जाळली गेली. पुढे नव्या पिढीतले काही पाळक शास्त्राची प्रेरणा आणि ख्रिस्ताचे प्रायश्चित्त यांविषयी सैल बोलू लागले आहेत, असा आरोप करून स्पर्जन यांनी ऑक्टोबर १८८७ मध्ये बाप्टिस्ट युनियन सोडली. युनियनने त्यांना दोष देणारा ठराव केला. एप्रिल १८८८ च्या सभेत समेटासाठी एक ठराव मांडला गेला. त्याच्या बाजूने सुमारे दोन हजार मते पडली आणि विरोधात अवघी सात. त्या ठरावाला अनुमोदन देणारे होते स्पर्जन यांचे सख्खे भाऊ जेम्स. चार वर्षांनी स्पर्जन गेले, ते युनियनबाहेरच.

इथवरच्या वादांत दोन्ही बाजू सभागृहात होत्या. प्रत्येकाला बोलता येत होते, मत देता येत होते, पटले नाही तर उठून जाता येत होते. बाप्टिस्टांचे खरे अपयश वेगळ्या जागी आहे. ज्यांच्या आयुष्याचा निवाडा होत होता, त्यांनाच जेव्हा सभागृहात जागा नव्हती, तेव्हा स्वायत्ततेचे हेच तत्त्व बलवानांच्या हाती गेले.

१८४४ च्या अखेरीस अलाबामाच्या बाप्टिस्टांनी बोस्टनच्या मिशन मंडळाला विचारले, की गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमाल का? गुलामांवर मालकी ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्याला नेमता येणार नाही, असे उत्तर आले. मे १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे दक्षिणेतले प्रतिनिधी जमले आणि सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आले. दक्षिणेतल्या हजारो गुलामांनीही बाप्टिस्ट विश्वास पत्करला होता, पण ऑगस्टात त्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. या संघाने गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. त्यांच्या सर्वांत जुन्या सेमिनरीने २०१८ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तिच्या चारही संस्थापकांकडे मिळून पन्नासहून अधिक गुलाम होते.

स्त्रियांच्या बाबतीत हाच प्रश्न आज उभा आहे. १९६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅम इथे अ‍ॅडी डेव्हिस यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. सदर्न बाप्टिस्टांत ही पहिली घटना. १९७९ नंतर परंपरावाद्यांनी संघाची सूत्रे हाती घेतली आणि २००० मध्ये विश्वासाच्या जाहीरनाम्यात पाळकपद पुरुषांपुरते असल्याचे नोंदवले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याच वर्षी संघाशी असलेले नाते तोडले. जून २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनाने स्त्री पाळकांच्या मुद्द्यावरून कॅलिफोर्नियातले विशाल सॅडलबॅक चर्च आणि लुईव्हिलमधले छोटे फर्न क्रीक चर्च यांना बाहेर ठेवण्यावर शिक्कामोर्तब केले.

लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत मात्र याच संघाला आपले हात बांधलेले वाटत होते. आरोपी पाळकांची एक मध्यवर्ती यादी ठेवा, म्हणजे असा माणूस एका मंडळीतून निसटून दुसरीत रुजू होणार नाही, अशी मागणी पीडित स्त्रिया वर्षानुवर्षे करत होत्या. २००८ मध्ये ती फेटाळली गेली. प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, हे कारण देण्यात आले. मे २०२२ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, तेव्हा कळले की मुख्यालयातला एक कर्मचारी अशी यादी गुपचूप ठेवत होता आणि तिच्यात सातशेहून अधिक नावे होती. मंडळीने स्त्री पाळक निवडली की स्वायत्तता आड येत नाही आणि अत्याचारी पाळकाचे नाव सांगायचे म्हटले की ती आड येते, हा विरोधाभास कोणत्याही धर्मशास्त्राने झाकला जाणार नाही.

वाद सोडवण्याची दुसरी तऱ्हाही बाप्टिस्टांनी पाहिली आहे, आणि तिचे गाव नागपूर आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बिशप मानणारे अँग्लिकन आणि ते न मानणारे बाप्टिस्ट एका छत्राखाली आले. बाळाचा बाप्तिस्मा हा सर्वांत अवघड मुद्दा होता. तोडगा असा निघाला, की दोन्ही पद्धती राहतील आणि कुटुंबाने कोणती पाळायची ते सदसद्विवेकाने ठरवावे. अनेक बाप्टिस्टांना ही तडजोड मानवली नाही. ईशान्येतल्या मोठ्या मंडळ्या बाहेरच राहिल्या. पण कोणाला हाकलले गेले नाही, आणि ज्यांच्या बाप्तिस्म्याच्या रीतीवर वाद होता ते चर्चेच्या टेबलाशी बसलेले होते.

सदर्न बाप्टिस्टांत स्त्री पाळकांवरची बंदी घटनेतच घालण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये इंडियानापोलिसला आला. त्याला सुमारे ६१ टक्के मते मिळाली. गरज दोन तृतीयांशांची होती. २०२५ मध्ये डॅलसलाही तो तसाच थोडक्यात पडला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नेतृत्वाने सांगितले, की अत्याचाऱ्यांची सार्वजनिक यादी हा तूर्त अग्रक्रमाचा विषय नाही. पीडित स्त्रिया तरीही मागणी सोडायला तयार नाहीत. राजाला आत्म्यावर हक्क नाही असे ठणकावणाऱ्या हेल्विस यांचा वारसा सांगायचा असेल, तर या संघाने पुढच्या अधिवेशनात सर्वांत आधी या स्त्रियांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि ती यादी खुली करावी.