पिंजऱ्यातला लांडगा

आमच्या उर्दू शाळेत एका खोलीत सत्तर मुले बसतात. अशा वर्गात आम्ही शिक्षक काय करतो? सर्वांत दांडगा मुलगा हेरतो, त्याला मॉनिटर करतो आणि हजेरी भरायला मोकळे होतो. कुणी हटकलेच तर आमचे उत्तर ठरलेले असे. जंगलातही हेच चालते. लांडग्यांच्या कळपात जो जबरदस्त, तो सरदार!

पण हे जंगल कुणी पाहिले होते? रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने १९४७ साली लांडग्यांवर निबंध लिहिला, तो बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून. माणसांनी एकत्र कोंडलेले ते जनावर. पळून जायला जागा नाही, स्वतःचे घर मांडायची सोय नाही. ते एकमेकांवर गुरगुरणार नाहीत तर काय करतील? त्यातून सरदार लांडग्याची कल्पना रुजली. अमेरिकेच्या डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती उचलली आणि पुढे ती माणसांच्या कारभारालाही लागू झाली.

याच मेकसाहेबांनी १९८६ पासून कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ अनेक उन्हाळे काढले. तिथे त्यांना सरदार सापडला नाही. सापडले ते आईबाप. कळप म्हणजे एक जोडपे आणि त्यांची पिल्ले. आई पिल्लांजवळ राहते, बाप शिकार आणतो. पिल्ले मोठी झाली की बापाला हरवत बसत नाहीत. दूर जाऊन आपला संसार थाटतात. १९९९ मध्ये मेक यांनी हे लिहून टाकले आणि आपले जुने पुस्तक छापू नका, म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. ते थांबायला २०२२ साल उजाडले. आपली चूक आपणच बाजारातून उठवायची, हे धैर्य आम्हा मास्तर लोकांत किती जणांजवळ आहे?

जंगल म्हणजे जन्नत, असे आम्हाला म्हणायचे नाही. येलोस्टोनच्या मोठ्या कळपांत मारामाऱ्याही होतात. आमचा सवाल वेगळा आहे. सत्तर मुले एका खोलीत कोंडून त्यांच्यातला दांडगाई करणारा जो वर येतो, ती त्याची फितरत की आमच्या खोलीची?

गेल्या रमजानमध्ये असरनंतर आमचा मॉनिटर बाजारात दिसला. कडेवर धाकटी बहीण, दुसरीचे बोट धरलेले. स्वतःचा रोजा होता, पण धाकटीला केळे सोलून भरवीत होता. आम्हाला पाहून ओशाळला.

"सर, ही रडते म्हणून घेऊन आलो."

या मुलाचा आवाज इतका हळू असतो, हे आम्हाला दोन वर्षांत कळले नव्हते.